साथीच्या दिवसांत मन कसं सांभाळायचं? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत फोनवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कधी बांधावर उभं राहून लोकांनी जे विचारलं, तेच इथं एकत्र केलं आहे. प्रश्नांचे शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवलेत. कुणाची ओळख पटेल असे तपशील मात्र बदलले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात आणि काहींपुढं तासभर बसावं लागतं.

कोरोना तर कधीच संपला. आता हे वाचून काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण माझ्याकडं आजही अशी माणसं येतात जी २०२१ च्या एप्रिलमधून बाहेर पडलेली नाहीत. एक गृहस्थ ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की हातातला घास ताटात ठेवून देतात आणि आवाज विरेपर्यंत जेवत नाहीत. घरच्यांना वाटतं, सवय लागली असेल.

आणि साथी काही आपल्याला नव्या नाहीत. पटकी होती, प्लेग होता, १९१८ चा ताप होता, ज्याला आपल्याकडं मानमोडी म्हणायचे. प्लेगात गाव मोकळं करून रानात झोपड्या घालून राहायचे, हे आजी-पणजीकडून ऐकलेलं आपल्या घराघरांत आहे. पण त्या झोपडीत रात्री झोप लागायची का, लेकरू गेल्यावर त्या मायनं पुढचे दिवस कसे काढले, हे कुणी कुणाला सांगून ठेवलं नाही. रोगाची गोष्ट खाली आली, मनाची तिथंच राहिली. निदान आपण तरी तसं करू नये, म्हणून हे पान.

छातीत धडधडतं, दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे. मग मला झालंय काय?

पहिली गोष्ट, हे तुम्ही उगीच करत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा, असं होत नाही.

धोका दिसला की शरीर पळायच्या नाहीतर झुंजायच्या तयारीला लागतं. रक्तात ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते. रानात वाटेत साप आडवा आला तर हेच होतं, आणि तेव्हा ते उपयोगाचं असतं. साथीत अडचण अशी की साप दिसत नाही आणि जातही नाही. शेजारी कुणी खोकलं, नाक चोंदलं, ओळखीच्या कुणाची बातमी आली, की शरीर पुन्हा तयार. श्वास फार भराभर घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानं बोटांना मुंग्या, चक्कर, ओठ बधिर झाल्यासारखं वाटतं. मग माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. याला पॅनिक अटॅक म्हणतात. बहुतेक वेळा तो दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. त्यानं जीव जात नाही, पण त्या दहा मिनिटांत जीव चालला असंच वाटतं.

त्या वेळी करायचं ते असं. भिंतीला पाठ टेकून बसा. एक हात पोटावर ठेवा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि तोंडानं सहा-सात मोजेपर्यंत सोडा. फुंकणीनं चूल पेटवताना जशी लांब, एकसारखी फुंकर घालतो ना, तशी. ज्यांनी चुलीवर दिवस काढलेत त्या बायकांना ही गोष्ट एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. सोडायचा श्वास लांबवला की ठोके आपोआप मंदावतात. पाच मिनिटं करा.

मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, घाम फुटला असेल, वय चाळिशीपुढचं असेल किंवा बीपी-शुगर असेल, तर "टेन्शनचं असेल" म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी. मनाचं निदान घाईनं करण्यानंही माणसं जातात.

बातम्या पाहिल्या की झोप येत नाही आणि नाही पाहिल्या तर करमत नाही.

दिवसातून दोन वेळा ठरवा, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. पंधरा मिनिटं पुरेत. रात्री जेवणानंतर नाही. गावच्या ग्रुपवर कुणाच्या मरणाची बातमी आली तर ती खरी आहे का, हे त्या घरच्या जवळच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढं ढकलू नका. आमच्याकडं एका जिवंत माणसाच्या नावाचा श्रद्धांजलीचा फोटो त्याच्याच मुलीच्या मोबाईलवर सासरी पोचला होता. ती पोरगी पुढं कितीतरी दिवस फोनची रिंग वाजली की थरथर कापायची.

आपलं कुणी नसताना त्रास होणं हेही माणसाचंच लक्षण आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून पायी निघालेले, मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडं चाललेले. रुळांवर पडलेल्या भाकरी-पोळ्यांचे फोटो पाहून आठवडाभर जेवण गेलं नाही, असं मला निदान आठ-दहा जणांनी सांगितलं. त्यातल्या बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी तेव्हा पुण्या-मुंबईहून चालत निघालं होतं. असं झालं की फोटो पुन्हा पुन्हा पाहू नका, पण मनात काय आलं ते कुणाजवळ तरी बोला.

सगळे म्हणतात "खंबीर राहा". मला जमत नाही. खंबीर म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आपण फार चुकीचा वापरतो. जो रडत नाही, बोलत नाही, सगळं पोटात ठेवतो तो खंबीर, असं आपण ठरवून टाकलंय. अंत्यविधीला कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्या माणसाकडं बोट दाखवून "बघा, कसा धीराचा आहे" म्हणतात. त्यातले काही पुढं सहा महिन्यांनी माझ्यासमोर बसतात, डोकं दुखतंय, पित्त झालंय, पाठ धरलीय म्हणून.

मी ज्यांना सावरताना पाहिलं ती माणसं वेगळी होती. ती रडली, चिडली, काही दिवस अंथरूण धरून राहिली. पण त्यांच्याजवळ तीन गोष्टींपैकी निदान एक तरी होती. मन मोकळं करायला एक माणूस होतं, उठून करायला एक काम होतं, किंवा उद्याची छोटी का होईना एक ठरलेली गोष्ट होती. एका बाईंचा नवरा आणि दीर आठवड्याच्या अंतरानं गेले. त्या म्हणाल्या, "ताई, म्हैस होती म्हणून जगले. पहाटे पाचला ती हंबरायचीच. मी मेले का जिवंत, तिला काय त्याचं?" त्या रोज रडत रडत धार काढायच्या. त्यांना कुणी खंबीर म्हटलं नसेल, पण मनाची ताकद याहून वेगळी नसते.

किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली, सुमारे १०,००० माणसं गेली. नंतर पक्की घरं मिळाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या गावात वट्ट्याला वट्टा लागून होता, भांड्याचा आवाज आला तरी शेजारीण डोकवायची. ते नव्या वसाहतींत बऱ्याच ठिकाणी राहिलं नाही, आणि म्हातारी माणसं अजून ते बोलून दाखवतात. टाळेबंदीनं अख्ख्या मराठवाड्याचं तेच केलं. गावोगावचे पार ओस पडले, बाजार बंद झाले, दारावर बसणं थांबलं. आपल्याकडं मन सांभाळायची जी जुनी व्यवस्था होती, तीच नेमकी साथीनं बंद पाडली. तुम्हाला जमत नाही यात तुमची कमजोरी कमी आणि ही तूट जास्त आहे.

म्हणून रोजचं थोडं तरी स्वतः बांधून घ्यावं लागतं. उठायची वेळ एकच ठेवा, झोप लागो न लागो. सकाळचं ऊन अंगावर घ्या. दिवसा अर्ध्या तासापेक्षा जास्त लवंडू नका. आणि रोज एका माणसाला फोन करा, काम नसताना. "काय करतोय, जेवला का" एवढ्यासाठी.

वडील दवाखान्यातच गेले. चेहरा पाहता आला नाही, दहावा-तेरावा झाला नाही. ते गेलेत हेच मनाला पटत नाही.

या प्रश्नाला मी आजवर सगळ्यात जास्त वेळ दिला असेल.

मरणानंतरचे आपले विधी मेलेल्यासाठी जितके असतात, तितकेच मागं राहिलेल्यांसाठी असतात. तोंडात पाणी घालणं, खांदा देणं, राख सावडणं, दहाव्याला कावळ्याची वाट पाहत नदीकाठी बसणं, भावकीनं येऊन दुखवटा काढणं. यातली एकेक पायरी मनाला सांगते की माणूस गेलं, आता हळूहळू घराकडं वळा. २०२१ मध्ये हजारो घरांत या पायऱ्या झाल्याच नाहीत. सकाळी "तब्येत स्थिर आहे" असा निरोप, संध्याकाळी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, तोही लांबून. डोळ्यांनी पाहिलं नाही तर मन कसं मानेल?

परभणीकडच्या एका मुलानं मला सांगितलं, तो वडिलांच्या मोबाईलला दर महिन्याला रिचार्ज मारतो. फोन कपाटात बंद आहे. "नंबर दुसऱ्या कुणाला गेला तर?" एवढंच म्हणाला. बापाचा नंबर लावला आणि कुणी परक्यानं उचलला, हे त्याला सहन होणार नव्हतं. मी त्याला रिचार्ज बंद कर असं म्हटलं नाही. आम्ही ठरवलं की त्या फोनमध्ये वडिलांच्या आवाजातलं जे काही आहे ते काढून घ्यायचं. दोन-तीन रेकॉर्डिंग निघाली, एकात ते खताच्या दुकानदाराशी भावावरून भांडत होते. तो ऐकता ऐकता हसला आणि मग जो रडायला लागला तो पाऊण तास. दीड वर्षांत पहिल्यांदा.

राहिलेला विधी नंतरही करता येतो. वर्षश्राद्धाला चार माणसं बोलवा, पैठणला किंवा तुमच्या रिवाजाप्रमाणं जिथं जायचं तिथं जा, आणि तिथं त्यांच्याबद्दल बोला. ज्यांचा विधींवर विश्वास नाही त्यांनी बांधावर एक झाड लावलं, कुणी शाळेला पुस्तकं दिली. मुसलमान घरांतून आलेल्यांना मी म्हणते, मयतीला जमता आलं नाही ते सगळे आता एकत्र येऊन दुआ मागा. रीत कोणतीही असो, चार माणसांत त्यांचं नाव घेतलं जाणं महत्त्वाचं.

काही विधवा बायकांनी सरकारचे ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान मागायचंच नाकारलं. "त्यांचं मोल घेतल्यासारखं होईल" म्हणाल्या. मी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, पण सांगत राहिले की ते पैसे त्या माणसाची किंमत नाहीत, त्याच्या लेकरांच्या शाळेची फी आहे. दोघींनी शेवटी अर्ज केला.

दुःखाला मुदत नसते. पण सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं जगणं ठप्प असेल, दिवसभर तोच एक विचार, कुणात मिसळावंसं वाटत नाही, आपलाही काही भाग मेल्यासारखं वाटतंय, तर त्याला लांबलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडं जाणं म्हणजे गेलेल्याला विसरणं नव्हे.

आजार मीच घरात आणला. माझ्यामुळं आई गेली. हे ओझं घेऊन कसं जगू?

तुम्ही आजार आणला असेलही. "छे, तुमच्यामुळं नाही" असं मी खोटं म्हणणार नाही, कारण तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. हा विषाणू लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकत होता, आणि कित्येकांना तर लक्षणं आलीच नाहीत. म्हणजे तुम्ही जेव्हा आईच्या हातून चहाचा कप घेतला तेव्हा तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आज जे माहीत आहे ते त्या दिवशीच्या स्वतःवर लादून तुम्ही स्वतःला शिक्षा देताय.

एकदा कागद घ्या आणि आईला पत्र लिहा. माफी मागायची असेल तर मागा. मग दुसऱ्या कागदावर तिचं उत्तर लिहा, तिच्याच बोलीत, ती जशी रागवायची तशी. आतापर्यंत ज्यांनी हे माझ्यासमोर केलं, त्यातल्या एकाही आईनं लेकराला दोष दिला नाही.

पुण्याहून आलो म्हणून गावानं शाळेत ठेवलं, नंतरही कुणी पाणी भरू देईना. तो राग अजून जात नाही.

जाऊ नये असाच तो राग आहे. १४ दिवस विलगीकरण हा आरोग्याचा नियम होता, पण सुटून आल्यावरही हापशावरून हाकलणं हा माणुसकीचा भंग होता. ज्या घरांवर आधीच जातीमुळं अशी बंधनं होती त्यांना तर ते दुहेरी लागलं. राग दाबू नका, पण त्याला जागा द्या. शक्य असेल तर ज्या एका माणसाच्या वागण्यानं सर्वांत जास्त लागलं, त्याच्याशी शांतपणे बोला. बरेचदा तो म्हणतो, "मी पण भ्यालो होतो रे." तेवढंही पुरेसं ठरतं. नाही म्हणाला तर निदान तुम्ही बोललात.

डोक्यावर मुकादमाची उचल, बँकेचं कर्ज, हाताला काम नाही. बोलून काय कर्ज फिटतं का?

नाही फिटत. जो समुपदेशक फिटतं म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

२०२० च्या मार्चमध्ये आपले कितीतरी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या पालांवर अडकून पडले. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, सोबत तान्ही लेकरं, मागं गावी म्हातारे आईबाप. एप्रिलमध्ये तपासणी करून त्यांना गावी यायची परवानगी मिळाली. घरी आले तर काम बंद आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, अंगावर. त्यांना "सकारात्मक विचार करा" म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, आणि मी सुरुवातीला तो केला आहे. एका बाईनं मला फोनवर विचारलं, "विचार करते ताई, पण पीठ कुठून आणू?" तेव्हापासून मी पहिल्यांदा रेशनचं विचारते, मग मनाचं.

तरीही बोलायला का सांगते? कारण कर्ज डोक्यात असतं तेव्हा ते आहे त्याहून मोठं होतं. एका वहीत लिहा. कुणाचे किती, व्याज किती, कोण थांबू शकतो, कोण नाही. बहुतेक घरांत हा आकडा एकट्या पुरुषाला माहीत असतो आणि बायकोला अंदाज असतो. ती वही तिच्यासमोर उघडा. मी पाहिलंय, आकडा ऐकून बाई कोसळत नाही. उलट ती म्हणते, "एवढंच ना? मला वाटलं शेत गेलं." मग बचत गट, दावणीला बांधलेली शेळी, भावाकडचे पैसे असे रस्ते तीच काढते.

राज्य सरकारनं २०१५ पासून शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत मनाच्या आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात, ते याच कामाचा भाग आहे. त्यांनी झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं तर "बरं आहे" म्हणून दार लावून घेऊ नका.

घरातला माणूस "आता जगून काय करायचं" म्हणतो. त्याला सरळ विचारावं का? विचारल्यानं विचार वाढणार नाही ना?

विचारावं, आणि सरळ विचारावं. "मरून जावं असं वाटतंय का तुला?" एवढ्याच शब्दांत. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वागवलेली गोष्ट खाली ठेवायला जागा मिळते.

उत्तर "हो" आलं तर भाषण देऊ नका. लेकराबाळांची शपथ घालू नका, "एवढ्याशा गोष्टीला?" म्हणू नका. जवळ बसा, ऐका, त्या रात्री एकटं सोडू नका. घरातली आणि शेतातल्या आखाड्यावरची फवारणीची औषधं कुलपात टाकून किल्ली दुसऱ्याकडं द्या, शक्य तर शेजाऱ्याच्या घरी ठेवा. असा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. मग दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

पोलीस केसची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं, असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरतं.

लेकरू परत अंथरूण ओलं करायला लागलंय, सारखं चिकटून असतं.

रागवू नका. लहान लेकरं भीती बोलून दाखवत नाहीत, ती मागं जातात, म्हणजे जे शिकली होती ते काही दिवस विसरतात. घरात मरण झालं असेल तर "आजोबा देवाघरी झोपलेत" असं म्हणू नका, पोरं मग झोपायलाच घाबरतात. "आजोबा आजारी पडले आणि मेले, आता ते परत येणार नाहीत, तुझी काही चूक नव्हती" एवढं साध्या शब्दांत सांगा. ते तीनदा विचारेल, तीनदा सांगा.

मोठ्या मुलींबद्दल मला वेगळंच बोलायचं आहे. शाळा बंद झाल्या तशी आपल्या भागात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं कमी खर्चात, दहा माणसांत उरकली गेली. आईबापांना वाटलं जबाबदारी संपली. त्यातल्या काही जणी आज अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दोन लेकरं घेऊन माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात "कशातच मन लागत नाही". साथीच्या भीतीत आपण जे निर्णय घेतले त्यांचं हे ओझं त्या वाहतायत. पुढच्या वेळी गावात असं काही ठरताना दिसलं तर १०९८ वर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

दारू वाढली आहे. एकदम बंद करावी का?

रोज आणि भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर एक-दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, कधी फेफरं येतं. जिवाला धोका असतो. २०२० मध्ये २५ मार्चपासून दुकानं बंद झाली तेव्हा हे कितीतरी घरांनी पाहिलं आणि "बाहेरची बाधा" समजून अंगारे लावले. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग बाहेरचं म्हणून देवऋषाकडं नेऊ नये का?

देवाला जा. तुळजापूरला जा, परळीला जा, औंढ्याला जा, दर्ग्यात चादर चढवा. २०२० मध्ये आठ महिने मंदिरं बंद होती आणि दिवाळीच्या पाडव्याला उघडली, तेव्हा पायरीवर डोकं टेकवून ढसाढसा रडलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्या रडण्यानं त्यांना मोकळं वाटलं, यात मला काही शंका नाही. पण जिथं मारतात, साखळीनं बांधतात, उपाशी ठेवतात, धूर देतात किंवा डॉक्टरची गोळी बंद करायला सांगतात, तिथून त्याच क्षणी उठा.

मनाच्या गोळ्यांची सवय लागते का?

उदासीवरच्या गोळ्यांची नशा लागत नाही. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं त्याच काळात लोक "काही फरक नाही" म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात आणि हळूहळू कमी करत बंद कराव्या लागतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागू शकते, म्हणून मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका, शेजारणीच्या तर नकोच.

डॉक्टर कुठं भेटतील? गावात तर कुणी नाही.

छत्रपती संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरला विलासराव देशमुख, या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. जाण्याआधी बाह्यरुग्ण विभागाचे दिवस विचारून घ्या, एसटीचं भाडं वाया जायला नको. पेशंट यायला तयार नसेल तर आधी घरचं माणूस एकटं गेलं तरी चालतं.

आणि "वेड्याच्या डॉक्टरकडं गेला" असं कुणी म्हणेल म्हणून अडला असाल तर एक सांगते. मीही गेले होते. २०२१ च्या जूनमध्ये मला रात्री फोनची रिंग नसताना ऐकू यायची. दिवसभर दुसऱ्यांना धीर देऊन रात्री मी न्हाणीघरात बसून राहायचे. जिथं काम करत होते तिथं सांगितलं तर उत्तर आलं, "तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं व्हायचं?" शेवटी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं गेले, चार महिने गोळ्या घेतल्या, एक मैत्रीण दर रविवारी सोबत यायची. आशाताईंना, नर्सताईंना, स्मशानात काम केलेल्या माणसांना मी हे मुद्दाम सांगते.

रात्री दोन वाजता असह्य झालं, कुणाला उठवावंसं वाटत नाही. तेव्हा?

आधी घरच्यांना उठवा. ते चिडणार नाहीत, सकाळी कळलं तर मात्र आयुष्यभर झुरतील. तरीही जमत नसेल तर १४४१६ लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडा. थोडं थांबावं लागलं तर फोन ठेवू नका. पलीकडून प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर पुढं डॉक्टरांशी जोडून देतो.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर नुसतं "मला झोप येत नाहीये" म्हणा.